वतन, विसार आणि पप्पांचं बायबल

पप्पांना जाऊन चौदा महिने झाले. हे लिहायचं केव्हापासून मनात होतं, पण तलाठी ऑफिसच्या फेऱ्या चालू होत्या तोवर काही सुचतच नव्हतं, डोक्यात नुसते कागद फिरायचे, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स, जुना उतारा, नवा उतारा. आता नोंद लागलीये आणि डोकं जरा मोकळं झालंय म्हणून बसले. विषय तारणाचा आहे, म्हणजे देवाने पापातून केलेल्या सुटकेचा. सुरुवात जमिनीपासून होणार आहे पण विषय तारणाचाच आहे, शेवटपर्यंत वाचा.

पप्पा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते, जिथे स्टँप पेपर आणि पोस्टाची तिकिटं छापतात तिथे. निफाड तालुक्यात त्यांनी एक एकर पाच गुंठे घेतले होते, आधी टोमॅटो, कोबी असं चालायचं, मग द्राक्ष लावली. रिटायर झाल्यावर तर ते बागेतच असायचे. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये ते प्रभूमध्ये निजले आणि मग कधीतरी ते काम निघालंच जे प्रत्येक घरात निघतं, वारस नोंद.

दादा आणि मी दोघं गेलो होतो. तलाठी भाऊसाहेबांनी अर्ज बघितला, वारसांची नावं बघितली, आई, दादा, मी. आणि मान वर न करता दादाला विचारलं, "बहिणीचं हक्कसोड आणलंय का?" म्हणजे मी माझा वाटा सोडते असा सहीचा कागद. दादाला विचारलं हां, मी तिथेच उभी होते, दादाच्या खांद्याला खांदा लावून. त्या माणसाचा तसा काही वाईट हेतू नव्हता, दिवसातून दहा वेळा तो हेच विचारत असेल आणि दहा वेळा भाऊ पिशवीतून कागद काढून देत असतील. मी घरी आधीच बोलून ठेवलं होतं की मी सही करते, सगळ्याच बहिणी करतात, माहेर टिकायला पाहिजे ना. पण त्या क्षणी घशाशी काहीतरी आलं. जमिनीसाठी नाही. असं वाटलं की मी पप्पांची मुलगी आहे हे कागदावर लिहून आलंय आणि आता मीच ते खोडायचंय. दादा म्हणाला "नंतर बघू" आणि आम्ही निघालो. ओझरपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

त्याच रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी वाचन घेतलं इफिसकरांस पत्र, पहिला अध्याय. लहानपणापासून ऐकलेला उतारा, संडे स्कूलला पाठांतराला होता. चौदावं वचन, पवित्र आत्म्याबद्दल, "तो आपल्या वतनाचा विसार असा आहे." आणि मी बाकावर एकदम ताठ झाले. वतन. विसार. हे तर तलाठ्याच्या टेबलावरचे शब्द. इतकी वर्षं मी ते देवळातले शब्द म्हणून ऐकत आले, गुळगुळीत झालेले, अर्थ न लागताही डोळे मिटून आमेन म्हणण्यासारखे, आणि आता कळलं की ज्यांनी मराठीत शास्त्र, म्हणजे बायबल, आणलं त्यांनी हे शब्द मुद्दाम बाजारातून, चावडीवरून उचललेत.

मग घरी येऊन मी एकेक शब्द काढत बसले. आमच्या शास्त्रात असे किती आहेत बघा. वारीस. दत्तक. करार. जामीन, इब्री लोकांच्या पत्रात सातव्या अध्यायात येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलंय, जामीन, जो दुसऱ्याच्या कर्जाला सही करतो आणि दुसऱ्याने बुडवलं की स्वतः भरतो. आणि खुद्द तारण हा शब्द. मेनरोडला, एमजी रोडला बोर्ड असतात ना, सोने तारण कर्ज. लहान असताना मी पप्पांना विचारलं होतं की देवळातलं तारण आणि हे तारण एकच का, तर पप्पा गाडी बाजूला घेऊन थांबले होते. म्हणाले शब्द वेगवेगळ्या अर्थाने आलेत पण तू विचार कर, कर्ज आपलं, आणि आपल्या बदल्यात काहीतरी मोलाचं ठेवावं लागणार, आपल्याकडे तर काहीच नाही, मग कोणी ठेवलं? एवढंच बोलून गाडी सुरू केली. उत्तर त्यांनी दिलं नाही, ते तसेच होते, प्रश्न देऊन सोडून द्यायचे.

वतन या शब्दाबद्दल मात्र थांबून लिहायला पाहिजे, कारण आमच्या घरात हा शब्द साधा नाही.

माझ्या आजोबांचे वडील गावकीचं काम करायचे. तराळकी. सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला पळायचं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं, रात्री वेशीवर जागायचं, आणि त्याच्या बदल्यात जमिनीचा एक तुकडा आणि घरोघरचं बलुतं. त्या तुकड्याला वतन म्हणायचे. नाव मानाचं पण होती ती बेडी, कारण जमीन पिढीजात म्हणून चाकरीही पिढीजात, पोराला गाव सोडून शिकायला जायचं म्हटलं तर वतन आडवं यायचं. शिवाय तुकडा एक आणि भाऊबंद वीस. १८७४ च्या कायद्याने ही वतनं बांधून ठेवली होती, बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात त्यावर बिल आणलं, आणि ती शेवटी गेली १९५८ च्या कायद्याने, म्हणजे स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षांनी. आमचे आजोबा मिशनच्या शाळेत शिकले आणि तरुणपणी ख्रिस्ती झाले. मी कधीकधी विचार करते की स्वर्गात तुमच्यासाठी वतन राखून ठेवलंय हे बायबलमधल्या पेत्राच्या पत्रातलं वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल. परत वतन? तिथेही चाकरी?

आज्जी सांगायची की आजोबा ह्यावर पाळकांशी भांडले होते. खरोखर भांडले होते. आणि त्या पाळकांनी त्यांना रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढून दिला, तुम्हाला दासपणाचा आत्मा मिळाला नाही, दत्तकपणाचा मिळालाय, ज्यात आपण अब्बा, बापा अशी हाक मारतो. आणि मग पुढचं वचन, की मुलं आहोत तर वारीसही आहोत, "देवाचे वारीस, ख्रिस्ताबरोबर सोबतीचे वारीस." म्हणजे जमीन आधी आणि तिच्यापायी चाकरी असा हिशोब इथे नाहीच, इथे आधी बाप मिळतो. वतन नंतर. आजोबांनी ते पान दुमडून ठेवलं होतं असं आज्जी म्हणायची आणि तिला स्वतःला वाचता येत नव्हतं तरी ते पान तिला बरोबर सापडायचं.

एक गोष्ट मला वकिलांकडून आत्ता कळली. शेतजमीन घ्यायची तर आपल्या राज्यात आधी शेतकरी असावं लागतं, कुळकायद्यात आहे ते. पप्पा प्रेसमधले कामगार, त्यांनी निफाडला जमीन घेतली कशी? तर तो वतनाचा तुकडा कायद्यानंतर आजोबांच्या नावावर झाला होता, काही गुंठ्यांचाच, पण त्याच्यामुळे पप्पा खातेदार ठरले. ज्या तुकड्याने आमचे पणजोबा बांधले गेले त्याच तुकड्याच्या उताऱ्यावर पप्पांनी स्वतःची जमीन घेतली. हे ऐकल्यावर मी वकिलांच्या ऑफिसातून बाहेर येऊन जिन्यात जरा वेळ उभी राहिले.

आता विसार. व्यवहार केलेल्या कोणालाही विसार सांगावा लागत नाही. सौदा ठरला की थोडी रक्कम द्यायची, पावती करायची, मग मागे फिरायचं नाही. आणि विसार म्हणजे वेगळी काही भेट नसते, त्याच किमतीतला तो पहिला भाग असतो, उरलेली रक्कम त्याच्यामागून यायची असते. मूळ ग्रीकमध्ये हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने जो शब्द वापरलाय तो अर्राबोन, तोही बाजारातलाच, हिब्रूकडून आलेला, नव्या करारात तीनच वेळा येतो आणि तिन्ही वेळा पवित्र आत्म्याबद्दल. आजच्या ग्रीकमध्ये साखरपुड्याला त्याच्यावरूनच आलेला शब्द आहे म्हणे, ते पण किती बरोबर बसतं ना. सांगायचं हे की देवाने विसार दिलाय, म्हणजे अडकलाय तो. आपण नाही. शब्द त्याचा गेलाय. आणि जे पुढे मिळणार त्यातलंच थोडं आज हातात ठेवलंय, नमुना म्हणून नव्हे, हप्ता म्हणून.

हे मला पुस्तकी वाटलं असतं पण मी पप्पांचे शेवटचे नऊ दिवस बघितलेत. बोलणं बंद झालं होतं, तोंडाला मास्क, हातावर सुयांचे निळे डाग. संध्याकाळी भेटायच्या वेळेत आई त्यांच्या कानाशी ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची, हळू, शेजारच्या पेशंटला त्रास नको म्हणून. आणि पप्पांचं उजव्या हाताचं एक बोट कॉटच्या लोखंडी दांडीवर ताल धरायचं. टक, टक, आणि समेवर जरा जोरात. आठव्या दिवशीही सम चुकली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि मी त्यांना ओळखते, पप्पा भिणारे होते, साधं दात काढायला जायचं तर दोन दिवस जेवायचे नाहीत. ती शांती त्यांची स्वतःची नव्हती. मी तिला विसार म्हणते, दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

टिळकांचं नाव निघालंच आहे तर, ना. वा. टिळकांच्या लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्याच, जलालपूरच्या. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा काय काय तुटलं हे मराठी माणसाला लक्ष्मीबाईंमुळेच माहिती आहे. धर्म सोडला की वडिलोपार्जित हक्क जायचा अशी रीत होती, १८५० मध्ये कायदा झाला की धर्म बदलला म्हणून वारसा जाणार नाही. पण कायद्याने उतारा वाचतो, पंगत नाही वाचत. त्या पिढीतल्या किती जणांनी घर, भाऊबंद, गाव सगळं सोडून दिलं आणि त्यांच्या वाट्याला जे आलं ते त्यांना वतन वाटलं, हे आपण आज सहज विसरतो.

आणि हे मला आमच्या मंडळीतल्या लोकांना, स्वतःला धरून, सांगायचंय. आम्ही फार सहज म्हणतो की आम्ही तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती, चौथ्या पिढीचे ख्रिस्ती, आमच्या आजोबांनी ह्या देवळाच्या पायाचे दगड वाहिले. खरं आहे, वाहिले. पण तारण असं उताऱ्यावरून उतरत नाही. योहानाने पहिल्याच अध्यायात लिहून ठेवलंय की देवाची मुलं होण्याचा अधिकार ज्यांनी त्याला स्वीकारलं त्यांना दिला, आणि त्यांचा जन्म रक्तापासून झालेला नाही. पप्पांचा विश्वास मला वारसाहक्काने मिळाला नाही. त्यांचं बायबल मिळालं, पेटी मिळाली, भजनं मिळाली, ही सगळी मोठी संपत्ती आहे, तिने मला दारापर्यंत आणलं. हाक मात्र मलाच मारावी लागली. ती कधी मारली तेही सांगते, दृढीकरणाच्या, म्हणजे मोठेपणी मंडळीत विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या वेळी नाही, तेव्हा नुसता पांढरा ड्रेस आणि फोटो आठवतो. माझं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात गेलं त्या रात्री. तेव्हा मी अब्बा म्हटलं आणि कोणीतरी ऐकलं. त्याबद्दल परत कधीतरी लिहीन, आज नाही जमणार.

दुसरी चूक उलट बाजूची. की आपण कमवायचं. उपास, दशांश, महिला मंडळ, कॉटेज मिटिंगला चहा, हे सगळं करून खात्यावर जमा होतं अशी भावना. कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तारण झालेलं आहे आणि हे देवाचं दान आहे हे आम्हाला तोंडपाठ आहे, इफिस दोन आठ, आणि तरी आम्ही मजुरीचाच हिशोब ठेवतो. मला हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते उधळ्या पुत्राच्या गोष्टीत, आणि उधळ्यापेक्षा त्याच्या मोठ्या भावात. धाकटा बाप जिवंत असताना वाटा मागतो. मोशेच्या नियमशास्त्रात थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोघं भाऊ असतील तर धाकट्याला तिसरा हिस्सा. बाप तो देतो. पण नीट वाचा, लूक म्हणतो बापाने संपत्ती त्या दोघांमध्ये वाटून दिली. दोघांमध्ये! म्हणजे थोरल्यालाही त्याचा वाटा त्याच दिवशी मिळाला होता. आणि धाकटा सगळं उधळून परत आला, बापाने मेजवानी केली, तेव्हा हा थोरला काय म्हणतो शेवटी? इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतो आणि मला तुम्ही कधी करडूही दिलं नाही. दोन तृतीयांशाचा मालक करडू मागत होता. मुलगा होता आणि स्वतःला सालगडी समजत होता. बाप बाहेर येऊन त्याला समजावतो, बाळा, तू नेहमी माझ्याबरोबर आहेस आणि माझं जे काही आहे ते सर्व तुझंच आहे. मी हे वाक्य मोठ्याने वाचू शकत नाही, आवाज जातो.

कायद्यातही हे कसं आहे ते सांगते कारण बऱ्याच ख्रिस्ती घरांना माहीत नसतं. आपल्याला हिंदू वारसा कायदा नाही, १९२५ चा भारतीय वारसा अधिनियम आहे. मृत्युपत्र केलं नसेल तर तिसरा हिस्सा विधवेला, आणि उरलेले दोन हिस्से मुलांमध्ये सारखे, मुलगा मुलगी काही फरक नाही. आणि दुसरं, बाप जिवंत असताना मुलाचा जन्माने म्हणून काही हक्क नाही, हक्क येतो तो बाप गेल्यावर. वकील हे सांगत होते आणि माझ्या डोक्यात इब्री लोकांच्या पत्राचा नववा अध्याय चालू होता, मृत्युपत्र आहे तिथे ते करणाऱ्याचा मृत्यू झाला पाहिजे, तो जिवंत आहे तोवर ते लागू होत नाही. क्रूसाबद्दल मी शेकड्याने उपदेश ऐकले असतील, पण कोणीतरी मेल्याशिवाय वारसा मिळत नाही ही गोष्ट मला बापाचा मृत्यूचा दाखला हातात धरल्यावर कळली. त्या दाखल्याच्या मी अकरा झेरॉक्स काढल्या होत्या. प्रत्येक कॉपीवर तेच नाव. प्रत्येक ऑफिसात आधी तो दाखवा मग पुढचं बोला. आमच्या तारणाचंही तसंच आहे, आधी तो मृत्यू दाखवा.

फरक एकच, आणि तो फार मोठा आहे, की ज्याने मृत्युपत्र केलं तोच तिसऱ्या दिवशी उठला आणि आता स्वतःच वाटणी करायला हजर आहे.

शरणपूर रोडवरून आपण सगळे रोज जातो. कॅनडा कॉर्नर, दुकानं, क्लासेस, ट्रॅफिक. त्या नावाकडे किती जणांचं लक्ष जातं माहीत नाही. शरणपूर, शरण आलेल्यांचं गाव, चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळात वसवलेलं. तिथे आफ्रिकेतली मुलं होती. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रजांच्या आरमाराने सोडवलेली, मुंबईत उतरवलेली आणि मग इथे नाशिकला आणलेली. आई बाप कोण, गाव कुठलं, काही ठाऊक नाही अशी पोरं, सुतारकाम लोहारकाम शिकली, वाचायला शिकली. त्यातला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डॉक्टर लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ ला आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांच्या माणसांनी त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं, आणि त्या वेळी प्रार्थना वाचली ती ह्या नाशिकला शिकलेल्या जेकबने, झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. मग ते सगळे तो देह उचलून महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत घेऊन गेले. १८ एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता.

ज्याला विकलं होतं तो. इफिसच्या त्याच वचनात खंडणी भरून मिळवलेली मुक्ती असे शब्द आहेत. पेपरात खंडणी म्हटलं की आपल्याला गुंड आठवतात, पण त्या मुलांना तो शब्द वेगळाच ऐकू येत असणार, त्यांच्या अंगावर किंमत लागली होती, बाजारात, पैशात. मिशनच्या सगळ्या गोष्टी बरोबर होत्या असं मी म्हणणार नाही, त्या पोरांची नावंसुद्धा बदलली गेली, आणि ते मला खटकतं. पण दत्तकपण हा शब्द मला समजून घ्यायचा असला की मी त्या मुलांचा विचार करते. कुठलाच उतारा नाही, कुठल्याच फेरफारात नाव नाही, आणि तरी वारीस.

आता पप्पांच्या बायबलची गोष्ट. पप्पा सगळे कागद बायबलमध्ये ठेवायचे, लाइट बिल, डॉक्टरची चिठ्ठी, नातवंडांचे फोटो, त्यामुळे ते बंदच व्हायचं नाही, रबर लावून ठेवलेलं असायचं. नोंदीसाठी जुने कागद पाहिजेत म्हणून मी एकेक पान चाळत होते. आणि एका पानात सापडली विसार पावती. १९८७ ची, अकराशे एक रुपये, निळी शाई जांभळी झालेली, रेव्हेन्यू तिकिटावर सही, घडीवर कागद फाटायला आलेला. पान कुठलं होतं ते मी आधी बघितलंच नाही, पावती मिळाली याचाच आनंद. आईने विचारलं कुठे होती गं, तेव्हा बघितलं. यिर्मया, बत्तीसावा अध्याय.

मला वाटलं सहज ठेवली असेल. मग वाचलं. यरुशलेमेला वेढा पडलाय, बाबेलची फौज बाहेर बसलीये, शहर जाणार हे नक्की, आणि यिर्मया स्वतः कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो की अनाथोथातलं माझं शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन! आणि यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखतावर सह्या होतात, एक मोहोरबंद प्रत आणि एक उघडी प्रत, आणि दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. कारण देवाने शब्द दिलाय की ह्या देशात परत घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

पप्पांनी पेन्सिलने द्राक्षमळे या शब्दाखाली रेघ मारली होती. बाकी काही लिहिलेलं नव्हतं.

१९८७ मध्ये त्यांच्याकडे अकराशे रुपये म्हणजे खूपच होते, आई सांगते की तिची बोरमाळ ठेवली होती त्यासाठी. तेव्हा बाग वगैरे काही नव्हतं, माळच होता, बाभळी.

एक सांगायचं राहिलं. हल्ली काही प्रचारक सांगतात की अब्राहामाचा वारसा म्हणजे गाडी, बंगला, बिझनेस, तुम्ही राजाची लेकरं आहात तर मागा. मला ह्याचा मनापासून त्रास होतो. गरीब बाया घरकाम करून तिथे पैसे देतात. लेव्यांना, म्हणजे देवाच्या सेवेसाठी वेगळ्या काढलेल्या वंशाला तर देशात जमिनीचा वाटाच दिला नव्हता, परमेश्वर हेच त्यांचं वतन असं सांगितलं होतं, आणि तो कमी वाटा नव्हता. नाबोथाची गोष्ट मला ह्या लोकांनी वाचावी असं वाटतं. राजा अहाब म्हणतो तुझा द्राक्षमळा दे, मला भाजीचा मळा करायचाय, पैसे देतो किंवा दुसरा चांगला मळा देतो. नाबोथ म्हणतो वाडवडिलांचं वतन मी देणार नाही, आणि त्यासाठी दगडमार खाऊन मरतो. निफाड, दिंडोरीच्या माणसाला ह्यातली दुखरी जागा लगेच कळेल. मांडव, तारा, खुंट, दोन तीन वर्षं नुसतं पैसे ओतणं, आणि कोणीतरी येऊन म्हणतो की उपटून टाक, मेथी लावू. वतन विकून सुख मिळत असतं तर एसावचं भलं झालं असतं, भुकेपायी मसुरीच्या वरणावर थोरलेपण विकलं त्याने.

आमचं काय झालं ते सांगते. त्या हक्कसोडवरून मी पाळकसाहेबांना विचारलं होतं की सही करू का. ते म्हणाले येशूलाही एकाने हेच सांगितलं होतं, भावाला सांगा मला वाटा द्यायला, आणि त्याने वाटणी करायला नकार दिला, तर मी कोण. पण जाताजाता म्हणाले सलाफहादाच्या मुली वाच. बायबलातल्या गणना या पुस्तकात आहेत त्या, पाच बहिणी, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का जावं, आम्हाला वाटा द्या, असं मोशेपुढे उभं राहून म्हणाल्या. आणि परमेश्वर म्हणाला ह्या मुली बरोबर बोलतात. पाच जणींची नावं शास्त्रात एकेक करून लिहिलीत, मला हे चाळीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

मी दादाला काहीच बोलले नाही. आईनेच विषय काढला, भाकऱ्या थापताना, तव्याकडे बघत. "त्यांच्या लेकरांची नावं आहेत ती. कोणी खोडायची नाहीत." दादा गप्प. वहिनी गप्प. दोन दिवसांनी दादाचा कामावरून फोन आला, मागे मशीनचा आवाज, म्हणाला सही नको करू, तिघांची नावं राहू देत, पण छाटणीचा, औषधाचा खर्च निम्मा द्यावा लागेल हां. मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि खूप रडले.

मग नोटीस लागली, पंधरा दिवस गेले, कोणाची हरकत आली नाही, फेरफार मंजूर झाला. मागच्या मंगळवारी नवा उतारा आला. आईने चष्मा लावून बोटाने एकेक नाव वाचलं, स्वतःचं, दादाचं, माझं. मग विचारलं, ह्यांचं कुठंय? मी दाखवलं, पप्पांचं नाव कंसात गेलंय, शेजारी फेरफार नंबर. त्या कंसावर तिने बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

उतारा तिने घडी करून पप्पांच्या बायबलात ठेवला, यिर्मयात. मी म्हटलं पावती काढून फाइलला लावू का, फाटायला आलीये, लॅमिनेशन करून घेते. नको म्हणाली, असू दे तिथंच, आणि रबर लावलं. गोडी छाटणी तोंडावर आलीये, दादाने माणसं सांगितलीत, शनिवारी पहाटे निघायचंय.